दवाखाना विकताना : करमाफी, करलांबणी आणि तारखांचे पथ्य

बडोद्याच्या जुन्या शहरात, दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा, वाडी या भागांत फिरताना एक गोष्ट आपल्या सर्वांच्या ध्यानात आली असेल. ज्या वाड्यांच्या तळमजल्यावर कधी काळी आपल्या आधीच्या पिढीतील डॉक्टरांचे दवाखाने होते आणि वरच्या मजल्यावर त्यांचे बिऱ्हाड होते, ते वाडे एकेक करून विकले जात आहेत. मुले पुण्यात, बंगळूरला किंवा परदेशात. रुग्ण गोत्री, मांजलपूर, वासणा-भायलीकडे राहायला गेलेले. जिना चढणे गुडघ्यांना जड झालेले. अशा वेळी जागा विकण्याचा निर्णय घरात बराच काळ घोळत राहतो आणि एखादे चांगले गिऱ्हाईक आले की मग आठवडाभरात घेतला जातो. कराचा विचार बहुधा त्यानंतर, म्हणजे विवरणपत्र भरायच्या वेळी सुरू होतो.

दुखणे बळावल्यावर आलेल्या रुग्णाला आपण जे सांगतो, तेच इथे सांगावेसे वाटते : थोडे आधी यायला हवे होते. स्थावर मालमत्तेच्या विक्रीवरील करात सवलती अनेक आहेत, पण जवळजवळ प्रत्येक सवलत तारखेला बांधलेली आहे. विक्री होण्यापूर्वी विचार केला तर बहुतेक मार्ग खुले असतात, नंतर केला तर एक-दोनच उरतात. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने हा विषय शक्य तितक्या सोप्या भाषेत मांडत आहे. येथे दिलेले कलमांचे क्रमांक आपल्या परिचयाच्या १९६१ च्या आयकर अधिनियमातील आहेत. २०२५ साली संमत झालेल्या नव्या आयकर अधिनियमाने, ज्याच्या अंमलबजावणीची तारीख १ एप्रिल २०२६ आहे, क्रमांक बदलले असले तरी या सवलतींचा गाभा तोच ठेवला आहे.

माफी वेगळी, लांबणी वेगळी

आपल्यातील अनेकांचे वर्गमित्र अमेरिकेत आहेत. ते सुट्टीत बडोद्याला आले की गप्पांत एक गोष्ट हमखास निघते. तिकडे भाड्याने दिलेली इमारत विकून दुसरी घेतली, तर कर लगेच भरावा लागत नाही. हे खरे आहे. अमेरिकन करसंहितेच्या कलम १०३१ खाली गुंतवणुकीची किंवा व्यवसायाची स्थावर मालमत्ता तशाच दुसऱ्या स्थावर मालमत्तेशी बदलली, तर नफ्यावरील कर पुढे ढकलला जातो. या तरतुदीचे मूळ १९२१ च्या कायद्यात आहे. विक्रीनंतर ४५ दिवसांत नवी मालमत्ता निश्चित करायची आणि १८० दिवसांत व्यवहार पुरा करायचा, मधल्या काळात पैसा त्रयस्थ मध्यस्थाकडे ठेवायचा, असे त्याचे कडक नियम आहेत. कर माफ होत नाही, तो नव्या मालमत्तेच्या खांद्यावर बसून पुढे जातो.

हे ऐकून आपल्याकडेही ‘दुकान विकून दुकान घेतले की कर नाही’ असा समज पसरतो. तो चुकीचा आहे. गुंतवणूक म्हणून भाड्याने दिलेले दुकान विकून दुसरे दुकान घेणाऱ्याला भारतीय कायदा अशी कोणतीही सर्वसाधारण सवलत देत नाही. आपल्या कायद्याचा कल राहत्या घराकडे आहे. घरात पैसे गुंतवले किंवा ठरावीक सरकारी संस्थांच्या रोख्यांत गुंतवले, तर तो कर माफ करतो. अटी पाळल्या की हा कर पुढे कधीही मागितला जात नाही. ही झाली माफी. खरी लांबणी, म्हणजे अमेरिकेतल्यासारखा कर पुढे ढकलणे, आपल्याकडे मोजक्याच ठिकाणी आहे. त्यांतील दोन ठिकाणे नेमकी आपल्या उपयोगाची असूनही फारशी बोलली जात नाहीत. त्यांच्याकडे वळण्यापूर्वी नफा कसा मोजतात ते पाहू.

नफ्याचे मोजमाप

जमीन किंवा इमारत २४ महिन्यांपेक्षा अधिक काळ आपल्याकडे असेल, तर होणारा नफा दीर्घ मुदतीचा. वारशाने आलेल्या मालमत्तेत पूर्वजांनी ती बाळगल्याचा काळही मोजला जातो आणि त्यांनी दिलेली किंमत हीच आपली किंमत समजली जाते. आजोबांनी १९३८ मध्ये काही हजारांत घेतलेल्या वाड्याच्या बाबतीत हे फार जाचक झाले असते. म्हणून कायद्याने १ एप्रिल २००१ पूर्वीच्या मालमत्तेसाठी त्या दिवशीची वाजवी बाजारकिंमत धरण्याची मुभा दिली आहे. मात्र २०२० च्या दुरुस्तीनंतर ही किंमत त्या दिवशीच्या मुद्रांक-मूल्यापेक्षा, म्हणजे ते उपलब्ध असल्यास जंत्रीपेक्षा, अधिक धरता येत नाही. नोंदणीकृत मूल्यमापकाचा अहवाल विक्रीपूर्वीच करून घ्यावा. वाडा पाडल्यावर मूल्यमापकाने मोजायचे काय?

२३ जुलै २०२४ पासून दीर्घ मुदतीच्या नफ्यावरील दर २० टक्क्यांवरून १२.५ टक्के झाला आणि महागाई निर्देशांकाचा लाभ गेला. पुढे झालेल्या बदलाने, त्या तारखेपूर्वी घेतलेल्या जमीन-इमारतीसाठी, भारतात निवासी असलेल्या व्यक्तीला व हिंदू अविभक्त कुटुंबाला दोन्ही रीतींनी हिशेब करून कमी असेल तो कर भरण्याची सोय मिळाली.

एक उदाहरण घेऊ. वाड्याचे २००१ चे मूल्य २० लाख रुपये आणि २०२५-२६ या वर्षातील विक्री दीड कोटी. नव्या रीतीने नफा १ कोटी ३० लाख, १२.५ टक्क्यांनी कर १६ लाख २५ हजार. जुन्या रीतीने २०२५-२६ चा निर्देशांक ३७६ धरून किंमत ७५ लाख २० हजार होते, नफा ७४ लाख ८० हजार आणि २० टक्क्यांनी कर १४ लाख ९६ हजार. येथे जुनी रीत स्वस्त पडली. ढोबळ आडाखा असा की, त्या वर्षीची विक्रीकिंमत २००१ च्या मूल्याच्या साधारण सव्वाआठ पटींच्या आत असेल तर जुनी रीत फायद्याची, त्याहून बरीच अधिक असेल तर नवी. या लेखातील सर्व आकडे अधिभार व उपकर बाजूला ठेवून दिले आहेत.

विक्रीकिंमत म्हणजे केवळ दस्तावेजात लिहिलेला आकडा नव्हे, हेही लक्षात असावे. जंत्रीचे मूल्य लिहिलेल्या किमतीपेक्षा दहा टक्क्यांहून अधिक असेल, तर कलम ५० सी प्रमाणे जंत्री हीच विक्रीकिंमत समजली जाते. एप्रिल २०२३ मध्ये गुजरात सरकारने जंत्रीचे दर मोठ्या प्रमाणात वाढवले. त्यामुळे जुन्या शहरातील अरुंद गल्लीतल्या, भाडेकरू असलेल्या वाड्याला प्रत्यक्ष भाव जंत्रीपेक्षा कमी मिळणे अगदी शक्य आहे. अशा वेळी आकारणी अधिकाऱ्याकडे लेखी हरकत घेऊन शासकीय मूल्यमापकाकडे प्रकरण पाठवण्याची मागणी करता येते. तो हक्क बजावावा.

दवाखान्याची वेगळी प्रकृती

राहत्या घराचा हिशेब वरीलप्रमाणे. दवाखान्याची गोष्ट मात्र निराळी, आणि डॉक्टरांची फसगत नेमकी येथेच होते.

व्यवसायासाठी वापरलेल्या इमारतीवर दरवर्षी दहा टक्के घसारा मिळतो. कित्येकांना वाटते, ‘मी घसारा मागितलाच नाही, मग प्रश्न कसला?’ परंतु कायद्याप्रमाणे घसारा मागितला असो वा नसो, तो मिळालाच असे धरले जाते. कलम ४४ एडीए खाली अंदाजित पद्धतीने निम्मे उत्पन्न दाखवणाऱ्या डॉक्टरांनाही हेच लागू आहे. आणि घसारा लागलेली इमारत विकली की कलम ५० प्रमाणे तिचा नफा, ती तीस वर्षे जुनी असली तरी, अल्प मुदतीचा मानला जातो.

समजा, रावपुऱ्यातील दवाखान्याची जागा ३० वर्षांपूर्वी ५ लाखांत घेतली. दरसाल दहा टक्क्यांनी घसरत तिचे पुस्तकी मूल्य आज सुमारे २१ हजार रुपये उरते. ती ८० लाखांना विकली, तर जवळजवळ सगळी रक्कम अल्प मुदतीचा नफा ठरते आणि वरच्या टप्प्यातील करदात्यासाठी तीस टक्क्यांनी सुमारे २४ लाख रुपये कर होतो. तीस वर्षांत घसाऱ्याने वाचलेला कर याच दराने धरला तरी दीड लाखाच्या आत आहे. दराच्या मुद्द्यावर काही न्यायाधिकरणांनी करदात्याच्या बाजूने निकाल दिले आहेत, पण वादाची तयारी ठेवूनच त्या वाटेने जावे.

यावर तीन उतारे आहेत.

पहिला उतारा जमिनीचा. जमिनीवर घसारा मिळत नाही. त्यामुळे दवाखाना स्वतंत्र भूखंडावर असेल, तर विक्रीकिमतीतील जमिनीचा वाटा वेगळा काढता येतो आणि त्यावरील नफा दीर्घ मुदतीचाच राहतो. जुन्या वाड्यात किमतीचा मोठा भाग जमिनीचाच असतो. संकुलातील गाळ्याच्या बाबतीत हे सिद्ध करणे कठीण जाते. तसेच खाली दवाखाना आणि वर राहते घर असेल, तर वापराप्रमाणे दोन भाग करून प्रत्येकाचा हिशेब स्वतंत्र करावा.

दुसरा उतारा म्हणजे आपल्याकडील खरी करलांबणी. कायदा घसाऱ्यासाठी एकेक इमारत पाहत नाही, एकाच दराच्या सर्व इमारतींचा एक गट धरतो. जुना दवाखाना विकला त्याच आर्थिक वर्षात व्यवसायासाठी दुसरी इमारत घेतली, तर नव्या जागेची किंमत गटात जमा होते आणि जुन्याची विक्रीकिंमत त्यातून वजा होते. वरच्या उदाहरणात ८० लाखांना विकून त्याच वर्षी ९० लाखांचा नवा दवाखाना घेतला, तर नफा उद्भवतच नाही. गटात १० लाख २१ हजार रुपये उरतात आणि पुढचा घसारा ९० लाखांवर न मिळता तेवढ्यावरच मिळतो. कर माफ झाला नाही, पुढे गेला. अमेरिकेतल्या मित्राने सांगितलेल्या गोष्टीच्या सर्वांत जवळचे असे हे आपल्या घरातले उदाहरण आहे.

मात्र येथे मुदत १८० दिवसांची नाही, ३१ मार्चची आहे. विक्री फेब्रुवारीत झाली तर नवी जागा शोधायला दोन महिनेही हाती राहत नाहीत, तीच एप्रिलात झाली तर जवळजवळ पूर्ण वर्ष मिळते. एकाच व्यवहारात केवळ दस्तावेजाची तारीख काही आठवडे पुढे गेल्याने एवढा फरक पडू शकतो. नवी जागा त्या वर्षात प्रत्यक्ष मालकीची व ताब्यात यायला हवी. बांधकाम चालू असलेल्या इमारतीसाठी बिल्डरला दिलेली आगाऊ रक्कम म्हणजे जागा घेणे नव्हे.

तिसरा उतारा निवृत्त होणाऱ्यांसाठी, ज्यांना नवा दवाखाना नकोच आहे. कलम ५० ने नफ्याला ‘अल्प मुदतीचा’ म्हटले तरी दीर्घ काळ बाळगलेल्या मालमत्तेला गुंतवणुकीच्या सवलती मिळतात का, या प्रश्नाचे उत्तर गोव्यातील एका प्रकरणाने दिले. व्ही. एस. डेंपो कंपनीने १९७२ साली घेतलेला एम. व्ही. प्रियदर्शिनी हा जहाजात माल चढवण्याचा तराफा १९८९ मध्ये १ कोटी ३७ लाख २५ हजार रुपयांना विकला आणि त्या काळच्या कलम ५४ ई प्रमाणे पैसा गुंतवला. घसारा लागलेली मालमत्ता म्हणून सवलत नाकारली गेली. मुंबई उच्च न्यायालयाने एस बिल्डर्सच्या प्रकरणात २००५ मध्ये आधीच म्हटले होते की, कलम ५० ची कल्पित व्याख्या केवळ नफा मोजण्यापुरती आहे, तिने सवलतीची कलमे बाधित होत नाहीत. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डेंपोच्या बाजूने निकाल देऊन हे तत्त्व कायम केले. गुजरात उच्च न्यायालयाचे निकालही याच दिशेचे आहेत. त्यामुळे तीस वर्षे चालवलेला दवाखाना विकणाऱ्या डॉक्टरांना रोख्यांची व घराची सवलत मागण्यास भक्कम आधार आहे.

घर आणि रोखे : सवलतींची तीन दारे

कलम ५४ राहते घर विकणाऱ्यांसाठी आहे. विक्रीच्या एक वर्ष आधी किंवा दोन वर्षे नंतर घर विकत घेतले, अथवा तीन वर्षांत बांधले, तर गुंतवलेल्या रकमेइतका नफा माफ. येथे केवळ नफा गुंतवावा लागतो, सगळी विक्रीकिंमत नव्हे. घर भारतातच हवे. नफा दोन कोटींपर्यंत असेल तर आयुष्यात एकदा एकाऐवजी दोन घरे घेता येतात. वाडा विकून एक घर स्वतःला आणि एक मुलाच्या शहरात, असा विचार करणाऱ्यांना ही सोय उपयोगी आहे.

कलम ५४ एफ घराव्यतिरिक्त इतर दीर्घ मुदतीच्या मालमत्तेसाठी आहे : दवाखाना, दुकान, भूखंड. मुदती त्याच, पण पूर्ण माफीसाठी निव्वळ विक्रीकिंमत सगळी गुंतवावी लागते. कमी गुंतवली तर त्या प्रमाणात माफी. येथे मोठा अडसर असा की, विक्रीच्या दिवशी आपल्या नावावर नव्या घराखेरीज एकाहून अधिक राहती घरे असता कामा नयेत. आपल्या व्यवसायात दोन-तीन सदनिका गाठीशी असणे काही विशेष नाही. त्यांच्यासाठी हे दार बंदच. दोन्ही कलमांत २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून नव्या घराच्या किमतीला दहा कोटींची मर्यादा आहे.

घर कोणाच्या नावाने घ्यायचे हाही नाजूक प्रश्न आहे. मुलाच्या नावाने घ्यावे असे वडीलधाऱ्यांच्या मनात येते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २००८ साली दत्तक मुलाच्या नावाने घेतलेल्या घराला कलम ५४ एफ ची सवलत नाकारली. घर स्वतःच्या नावाने घ्यावे आणि मुलाची सोय मृत्युपत्राने करावी, हा सुरक्षित मार्ग.

कलम ५४ ईसी रोख्यांचे. जमीन किंवा इमारतीच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यातून सहा महिन्यांच्या आत पन्नास लाखांपर्यंत ठरावीक सरकारी संस्थांच्या रोख्यांत गुंतवणूक करता येते. रुरल इलेक्ट्रिफिकेशन, पॉवर फायनान्स, इंडियन रेल्वे फायनान्स या त्यांतील परिचित संस्था. रक्कम पाच वर्षे अडकते, व्याज अलीकडच्या वर्षांत सव्वापाच टक्के आहे आणि ते करपात्र आहे. या रोख्यांवर कर्ज काढले तरी सवलत जाते. वाड्याला अनेक वारस असतील तर प्रत्येकाचा हिशेब व प्रत्येकाची पन्नास लाखांची मर्यादा स्वतंत्र. वरच्या दीड कोटीच्या वाड्याचे मालक दोन भाऊ असतील, तर जुन्या रीतीने प्रत्येकाचा नफा ३७ लाख ४० हजार होतो. दोघांनी तेवढे रोखे घेतले की कर शून्य.

या तिन्ही सवलती जुन्या व नव्या दोन्ही करप्रणालींत मिळतात.

बिल्डरला वाडा दिल्यास

दुसरी खरी करलांबणी येथे आहे. वाडा विकण्याऐवजी बिल्डरशी संयुक्त विकासाचा करार करून बदल्यात सदनिका व थोडी रोकड घेण्याची पद्धत आता रूढ आहे. पूर्वी करार करताच कर लागण्याची भीती असे, म्हणजे पैसा हाती येण्यापूर्वीच कर. २०१७ च्या अर्थ अधिनियमाने आणलेल्या कलम ४५ (५ ए) ने व्यक्ती व हिंदू अविभक्त कुटुंबाला दिलासा दिला. नोंदणीकृत करार असेल तर कर त्या वर्षी लागतो, ज्या वर्षी प्रकल्पाला वा त्याच्या भागाला पूर्णत्वाचा दाखला मिळतो. तेव्हाच्या जंत्रीप्रमाणे आपल्या वाट्याची किंमत अधिक मिळालेली रोकड ही विक्रीकिंमत. मात्र दाखला मिळण्यापूर्वीच आपला वाटा कोणाला विकला, तर ही लांबणी संपते. गरजेपोटी घाईने विकणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

तारखांचे पथ्य

औषध बरोबर असूनही पथ्य न पाळल्याने गुण येत नाही, तसे येथेही होते. विवरणपत्र भरण्याच्या ठरलेल्या मुदतीपर्यंत नवे घर झाले नसेल, तर न गुंतवलेली रक्कम बँकेत १९८८ च्या भांडवली नफा खाते योजनेत वेगळी ठेवावी लागते. खाते दोन प्रकारचे असते, बचत स्वरूपाचे ‘अ’ आणि मुदत ठेव स्वरूपाचे ‘ब’. नेहमीच्या बचत खात्यात किंवा मुदत ठेवीत ठेवलेला पैसा चालत नाही. ‘पैसा जपून ठेवला होता, पुढे घरच घेतले’ हे म्हणणे पुरे पडत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ च्या एका निकालात, घर खरोखर घेतलेले असूनही, मुदतीत न गुंतवलेल्या व या खात्यातही न ठेवलेल्या रकमेवर सवलत नाकारली. काही अन्य उच्च न्यायालये याबाबत उदार आहेत, पण दुसऱ्याच्या औदार्यावर आपले म्हातारपण कोणी सोपवू नये.

खात्यातील रक्कम मुदतीत वापरली नाही, तर मुदत संपल्याच्या वर्षी तीवर कर लागतो. मध्येच खातेदाराचे निधन झाले, तर उरलेली रक्कम वारसांच्या हाती करपात्र नाही, असे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाचे १९९६ चे परिपत्रक आहे. म्हणून खात्यावर वारसाचे नामनिर्देशन करावे आणि हे खाते कशासाठी आहे ते घरात सांगून ठेवावे. घरातील हिशेब एकट्यानेच पाहणाऱ्या डॉक्टरांच्या पश्चात त्यांच्या पत्नीला अशा खात्याचा पत्ताच नसतो, हे आपल्या पिढीत फार वेळा घडते.

बानाखताची तारीखही महत्त्वाची. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये संजीव लाल यांच्या प्रकरणात, बानाखतानंतर कोर्टकज्जामुळे दस्तावेज लांबला तरी घराची मुदत मोजताना बानाखताचा दिवस ग्राह्य धरला. तेथे बानाखत डिसेंबर २००२ चे आणि दस्तावेज सप्टेंबर २००४ चा होता, नवे घर मधल्या काळात, एप्रिल २००३ मध्ये घेतलेले होते. परंतु हा दिलासा त्या प्रकरणाच्या विशिष्ट परिस्थितीतला आहे. त्यावर विसंबून योजना आखू नये. बडोद्यात आणखी एक बाब आहे. जुन्या शहराचे काही भाग १९९१ च्या कायद्याखाली, ज्याला आपण ‘अशांत धारा’ म्हणतो, अधिसूचित आहेत. तेथे दस्तावेजापूर्वी कलेक्टरांची परवानगी लागते आणि तिला वेळ लागतो. आपली जागा त्या यादीत आहे का हे प्रथम पाहावे आणि तो वेळ धरूनच नव्या घराच्या किंवा दवाखान्याच्या तारखा ठरवाव्यात.

परदेशस्थ मुलांसाठी दोन शब्द

वाड्यात अमेरिकेतील मुलाचा वा मुलीचा वाटा असेल, तर दोन गोष्टी वेगळ्या होतात. अनिवासी व्यक्तीला निर्देशांकाची जुनी रीत मिळत नाही आणि खरेदीदाराला मोठी करकपात करावी लागते. ती कमी करण्याचा दाखला विक्रीपूर्वी घ्यावा. दुसरे म्हणजे, अमेरिका आपल्या नागरिकांना व ग्रीन कार्डधारकांना जगभरच्या उत्पन्नावर कर लावते. येथे कलम ५४ खाली कर माफ करून घेतला, तरी तिकडचा कर राहतोच. इथे भरलेल्या कराची तिकडे वजावट मिळते, इथे माफ झालेल्या कराची मिळत नाही. आणि कलम १०३१ येथे कामाचे नाही, कारण त्यात अमेरिकेतील मालमत्ता व परदेशातील मालमत्ता एकजातीय मानल्या जात नाहीत. तेव्हा दोन्हीकडचे सल्लागार एकमेकांशी बोलतील असे पाहावे.

शेवटी प्रश्न कराचा नसतो

एवढे सगळे सांगितल्यावर एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. कर वाचवण्याच्या भरात माणूस नको असलेले घर घेतो. पुन्हा वरच्या दीड कोटीच्या वाड्याकडे पाहू. मालक एकच, वय सत्तर, राहायला घर आहे. पूर्ण करमाफीसाठी त्यांनी आणखी एक सदनिका घेतली, तर १४ लाख ९६ हजार रुपये वाचतात. पण पाऊण कोटीच्या आसपासची रक्कम विटा-सिमेंटमध्ये अडकते. मुद्रांक शुल्क, देखभाल, घरपट्टी, भाडेकरूचा शोध हे सारे सत्तरीत मागे लागते आणि तीन वर्षांच्या आत विकण्याची वेळ आली तर माफीही परत जाते.

आता दुसरी वाट. पन्नास लाखांचे रोखे घ्यावे, उरलेल्या २४ लाख ८० हजार रुपये नफ्यावर २० टक्क्यांनी ४ लाख ९६ हजार कर भरावा आणि सुमारे ९५ लाख रुपये मोकळे ठेवावे. हे पाच लाख म्हणजे मोकळेपणाची किंमत. कोणाला ती जास्त वाटेल. ज्यांना आजारपण, पत्नीची पुढील वर्षे आणि मुलांचे दूर असणे यांचा विचार करायचा आहे, त्यांना ती स्वस्त वाटेल. उत्तर प्रत्येक घराचे वेगळे असेल. फक्त ते विवरणपत्राच्या आदल्या रात्री घाईने दिलेले नसावे, घरात बसून शांतपणे ठरवलेले असावे.

म्हणून विनंती एवढीच : वाड्याला गिऱ्हाईक येण्यापूर्वी एक दिवस काढावा. जुने दस्तावेज, घसाऱ्याचा तक्ता, २००१ चे मूल्यांकन आणि आपल्या नावावरील घरांची यादी घेऊन आपल्या कर सल्लागाराकडे जावे. शक्य झाल्यास सहधर्मचारिणीलाही बरोबर न्यावे. आपण आयुष्यभर रुग्णांना वेळेवर येण्याचे महत्त्व सांगत आलो. आपल्या वाडवडिलांच्या वास्तूच्या बाबतीतही तोच सल्ला आपण पाळावा, ही नम्र अपेक्षा.